एक तृतीयांश देवराव

माणसाचे तीन भाग करता येतात, असं मी बरीच वर्षं मानत होतो. कागदावर ते सहज होतात. अकोला ०.३३, भातकुली ०.३३, अमरावती ०.३४. शेवटचा एक शतांश अमरावतीला जास्त का, तर बेरीज बरोबर एक यावी म्हणून.

मी अमरावतीच्या एका बांधकाम फर्ममध्ये अठ्ठावीस वर्षांपासून आहे. इंजिनियर नाही, बी.कॉम. आहे. मालकांनी मला मजुरांच्या हजेऱ्या लिहायला ठेवलं होतं. हजेऱ्या लिहिता लिहिता उद्या कोणत्या कामावर कोण जाईल, मिक्सर कुठे जाईल, कोणती टोळी कधी मोकळी होईल, हे ठरवणं माझ्याकडे आलं. लोकांना वाटतं बांधकाम म्हणजे सिमेंट आणि लोखंड. ते दुकानात मिळतं. माणसं मात्र योग्य दिवशी आणि योग्य क्रमानं यावी लागतात, आणि ती दुकानात मिळत नाहीत.

एक छत घालायचं, ज्याला आम्ही स्लॅब म्हणतो, तर आधी सेंट्रिंगवाले येतात. ते लाकडी बल्ल्या उभ्या करून त्यांवर लोखंडी प्लेटा अंथरतात. मग सळई बांधणारे येऊन त्यावर जाळी विणतात. मग एक दिवस मिक्सर, गिट्टी, रेती आणि पंचवीस-तीस माणसं. त्या दिवशी सुरू केलं की संपेपर्यंत थांबायचं नाही, आज अर्धं छत आणि उद्या अर्धं असं होत नाही. या तिन्ही टोळ्या वेगवेगळ्या. पहिलीनं एक दिवस उशीर केला की दुसरी रिकामी बसते, आणि रिकामी टोळी संध्याकाळपर्यंत दुसऱ्या ठेकेदाराची झालेली असते.

यासाठी मी तक्ता करत असे. उभ्या रकान्यात वार, आडव्या ओळीत माणसं, आणि प्रत्येक कामाला एका रंगाची पेन्सिल. ऑफिसच्या भिंतीवर दर शनिवारी नवा तक्ता लागायचा. आता हे सगळं कम्प्युटरवर होतं, पण रंगीत पेन्सिलींचा तो डबा मी अजून टाकलेला नाही. तो तक्ता पाहायला इतर ठेकेदारांचे मुनीम येत. मी दाखवायचो. थोडा तोरा होता, नाही म्हणत नाही.

मी सांगतोय ते साधारण बारा वर्षांपूर्वीचं. त्या हिवाळ्यात आमची तीन कामं एकदम सुरू होती. अकोल्याला एक मोठं गोडाऊन, भातकुलीकडच्या एका गावात शाळेच्या चार खोल्या आणि अमरावतीत एका निवृत्त हेडमास्तरांचं दुमजली घर.

गुरुजींबद्दल सांगायलाच हवं. ते समोरच्या घरी भाड्यानं राहत आणि सकाळी बरोबर साडेआठला वही घेऊन रस्ता ओलांडून येत. मजुरांना ओळीत उभं करून हजेरी घेत. नावं पाठ होती. आमचे मिस्त्री सुरुवातीला हसले, मग त्यांना त्याची सवय झाली. कुणी उशिरा आलं तर गुरुजींना कारण सांगू लागले, मला नाही. एकदा सकाळी त्यांचा फोन आला.

“सात माणसं कबूल केली होती. पाच आहेत.”

“गुरुजी, सातच पाठवलीत. दोघं मागे टाकीवर असतील.”

“मागे पाहून आलो. तिथे एकच आहे आणि तो शेजाऱ्यांचा जावई आहे.”

मी तक्ता पाहिला. दोन माणसं मीच दुसरीकडे पाठवली होती आणि खोडायचं विसरलो होतो. इतक्या वर्षांत ज्यांनी माझ्या तक्त्यातली चूक पकडली अशी गिऱ्हाइकं थोडीच, त्यांत गुरुजी पहिले.

गुरुजींच्या वहीत ज्या नावापुढे सर्वांत जास्त गैरहजेरी होती, ते नाव देवराव. देवराव नांदगाव खंडेश्वरकडचा. सळई बांधणाऱ्यांत आमच्याकडचा सर्वांत जाणता माणूस. त्याला नकाशा वाचता यायचा. शाळा चौथीपर्यंत. गुरुजींनी नाव पुकारलं की तो हात वर करून “हजर जी” म्हणायचा आणि मला हळूच सांगायचा, “चौथीनंतर आत्ता कुठं हजेरी लागून राहिली मायी.”

मालकांचा एक नियम होता. देवराव जाळीवरून चालल्याशिवाय मिक्सर सुरू करायचा नाही. तो चप्पल काढून अनवाणी चालायचा. सळया मोजताना मी त्याला कधी पाहिलं नाही. पावलाखाली जाळी किती दबते, कुठे दबते, यावरून तो सांगायचा, “इथं एक बांधनं सुटलं,” आणि तिथे खरंच सुटलेलं असायचं. असा माणूस एकच आणि कामं तीन. म्हणून मी त्याचे तीन भाग केले. प्रवासाचे तास कोणत्याच भागात धरले नव्हते, कारण तक्त्यात प्रवासाला रकाना नव्हता.

आता बाजाराचं. आमच्याकडे प्रत्येक गावाचा बाजाराचा वार ठरलेला असतो, आणि त्या गावात काम चालू असेल तर त्या दिवशी अर्धी सुट्टी हा रिवाज. ठेकेदार कितीही कडक असो, मजूर दुपारी फावडं धुऊन ठेवतो आणि पिशवी घेऊन निघतो. भातकुलीकडच्या त्या कामावर तर शुक्रवारी बाजाराच्या दिवशी पूर्णच बंद. तो भाग खारपाणपट्ट्यातला. विहिरीचं, बोअरचं पाणी खारं. ते काँक्रीटला वापरलं तर आतलं लोखंड गंजतं. म्हणून गोड्या पाण्याचा टँकर लावलेला, आणि शुक्रवारी टँकरवालाही बाजारात.

मी हिशेब केला. अकोल्यातल्या मोहल्ल्याचा बाजार एका वारी, भातकुलीकडचा शुक्रवारी, अमरावतीतला तिसऱ्या वारी. ज्या कामावर ज्या दिवशी बाजार, त्या दिवशी टोळी तिथे ठेवायचीच नाही, दुसऱ्या कामावर हलवायची. म्हणजे टोळी जिथे असेल तिथे त्या दिवशी बाजार नसेल आणि अर्धी सुट्टी कुणालाच द्यावी लागणार नाही. तीन कामांत मिळून आठवड्याला जवळजवळ दोन दिवस वाचले. मालक तक्त्यासमोर उभे राहून म्हणाले, “डोकं आहे बाप्पा तुझं.”

दुसऱ्याच आठवड्यात देवराव ऑफिसात आला. दारातच उभा राहिला.

“साहेब, शुक्रवारचं मले भातकुलीकडंच राहू द्या.”

“शुक्रवारी तिथे काम नसतं, देवरावभाऊ. टँकर नसतो.”

“काम नसते म्हनूनच म्हनतो.”

मग त्यानं सांगितलं. त्याची बायको काही वर्षांपूर्वी गेली. एकच मुलगी, सुनीता, त्या बाजारापासून चार-पाच किलोमीटरवरच्या गावात दिलेली. माहेरी बाईमाणूस नाही, म्हणून सासरचे तिला माहेरी पाठवायला नाखूश. त्यात त्यांचं तसं चुकीचंही नव्हतं. देवराव अमरावतीत एका खोलीत राहायचा आणि महिन्यातले पंधरा दिवस कामावर झोपायचा. घरात फोन एकच, तो सासऱ्याच्या खिशात. त्यावर बोलणं म्हणजे बरं आहे का, बरं आहे. पण शुक्रवारी सुनीता सासूबरोबर वांगी, मेथी घेऊन बाजारात बसायची. देवराव सकाळी जाऊन तासभर तिच्या पालाखाली बसायचा. बापलेकीची भेट ती तेवढीच.

मी म्हणालो, “पाहतो.”

माझ्या त्या वर्षीच्या डायरीत ती नोंद आहे. ‘देवराव, शुक्र., पाहू.’ पुढे काही नाही. मी विसरलो असं नाही. दर शनिवारी तक्ता करताना मला ते आठवायचं. पण एका माणसाला त्याचा बाजार दिला तर चाळीस माणसं आपापला बाजार मागतील, हे मला समजत होतं. शिवाय तक्ता जमला होता. जमलेला तक्ता मोडायला हात होत नाही, ज्यानं केला आहे त्याला विचारा. देवरावनं आणखी दोनदा विचारलं. मग विचारणं सोडलं.

मार्च लागला. अकोल्याच्या गोडाऊनचा स्लॅब मी शुक्रवारी धरला, कारण शनिवारी तोच मिक्सर गुरुजींच्या स्लॅबला अमरावतीत हवा होता आणि सोमवारपासून तो भाड्यानं दुसरीकडे जाणार होता. बुधवारी देवराव अकोल्याची जाळी बांधून ऑफिसात आला. यावेळी दारात थांबला नाही, टेबलापर्यंत आला.

“शुक्रवारी मी सकाळी येत नाही. बाजारात जातो. तीन वाजता अकोल्यात येतो, मंग ओता.”

“तीनला सुरू करून संपेल कधी? सकाळी सातला सुरू करायचंय. उन्हाळा आहे.”

“मंग शनिवारी ओता.”

“शनिवारी गुरुजींचा आहे.”

“मी सांगतलं,” तो म्हणाला आणि गेला.

मला वाटलं, येईल. रागात बोलतो माणूस.

शुक्रवारी सकाळी सातला मी अकोल्यात गोडाऊनच्या छतावर होतो. खाली गफ्फारभाई, मिक्सरच्या टोळीचे मुकादम, मशीनला हात लावून उभे. तीस माणसं. देवराव नाही. मी फोन लावला. मागे बाजारात पालं ठोकल्याचा आवाज होता.

“सांगतलं होतं ना साहेब. ओतू नका. मी येतो.”

गफ्फारभाईंनी खालून ओरडून विचारलं, “साहब, मशीन चालू करूं क्या? धूप चढ री.”

मी स्वतः जाळी तपासायची ठरवली. छतभर फिरलो. समोरच्या छज्ज्यावर तर सळया एक-एक मोजल्या. बावीस फूट लांबी, दर सहा इंचांवर एक, म्हणजे पंचेचाळीस हव्यात. पंचेचाळीस होत्या. दोनदा मोजल्या. आणि हात वर करून गफ्फारभाईंना खूण केली.

बाहेरच्या माणसासाठी सांगतो. छज्जा म्हणजे भिंतीबाहेर आलेला छताचा भाग. त्याला खालून आधार नसतो. वरच्या अंगाला असलेली सळई त्याला मागे ओढून धरते. म्हणून छज्ज्याची मुख्य सळई वर हवी. ती दबून तळाशी गेली तर वरून काही कळत नाही, छज्जा अगदी छान दिसतो. बल्ल्या काढल्या की मग तो तुटतो. या गोडाऊनचा छज्जा जिथे होता, त्याखाली ट्रक लागणार होते आणि हमाल पोती उतरवणार होते. आणि आदल्या दिवशी पाण्याचा पाइप चढवताना माणसं त्या छज्ज्यावरून नाचल्यासारखी फिरली होती.

साडेअकराच्या सुमारास छज्जा ओतून झाला. आम्ही मागच्या बाजूला सरकलो होतो. साडेबारा वाजले असतील, देवराव फळ्यांच्या चढणीवरून वर आला. हातात कापडी पिशवी. त्यानं पिशवी ठेवली, चप्पल काढली, माझ्याकडे न बघता छज्ज्याच्या कडेला गेला आणि ओल्या काँक्रीटमध्ये सळईचा तुकडा खुपसला. इंचभर आत गेल्यावर लोखंडाला लागायला हवा होता. तो तीन इंच आत गेला, मग लागला.

“बंद करा मशीन.”

गफ्फारभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मशीन थांबलं.

“कोनं पास केलं हे?”

“मी केलं. सळया मोजल्या मी. पंचेचाळीस आहेत.”

“पंचेचाळीसच आहेत साहेब. पन समद्या खाली झोपल्या आहेत.”

मग तो आरडाओरडा न करता कामाला लागला. अर्धी टोळी छज्ज्यावर. फावड्यानं, घमेल्यानं, शेवटी हातानं, ओतलेला सगळा माल उचलून बाजूला काढला. मीही घमेली वाहिली. देवरावनं एकेक सळई उचलून खाली सिमेंटचे उंच ठोकळे सरकवले, पुन्हा बांधलं, वर उभा राहून पाहिलं. मग नवा माल. उन्हानं काँक्रीट आवळायला लागलंच होतं. गफ्फारभाई म्हणाले, “देवरावभाई, आधा घंटा और होता ना, तो छिन्नी लगती.”

संध्याकाळी सहाला स्लॅब संपला. देवराव टाकीजवळ पाय धूत होता. मी जाऊन उभा राहिलो. खरं म्हणजे मला आभार मानायचे होते, पण तोंडातून निघालं ते असं:

“तीनला येणार होते ना? साडेबाराला कसे आले?”

तो पाय धूत राहिला.

“सुनीता भेटली?”

“नाई. तिची सासू होती एकली. म्हने, पोरीनं बाजारात येनं सोडलं महिन्यापासून. बाप येत नाही तं म्या कायले येऊ, म्हनते.”

“मग गावात जायचं होतं. चार-पाच किलोमीटर तर आहे.”

“गेलो असतो तं तुमचा हा छज्जा गेला असता. तुमी थांबनार नाही, हे मले माईत होतं.”

त्यानं पिशवी उचलली. तिच्यात वरूडची संत्री होती, लेकीसाठी घेतलेली. त्यानं ती गफ्फारभाईंच्या टोळीतल्या बायकांना वाटून टाकली.

त्या दिवशी सुनीता बाजारात आली असती, तर देवराव तीनला पोचला असता आणि तोवर छज्जा दगड झाला असता. माझ्या तक्त्यामुळं मुलगी बाजारात यायची थांबली होती, आणि ती थांबली म्हणून माझी चूक सावरली. हे मी त्या दिवसापासून अनेकदा उलटसुलट मांडून पाहिलं. माझ्या बाजूनं ते कधीच बसलं नाही.

पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी मी तक्त्यात बदल केला. प्रत्येक माणसानं आपला एक बाजार सांगायचा, कुठलाही, आणि त्या दिवशी त्याला तिथेच किंवा तिथून जवळ काम द्यायचं, दुपारनंतर मोकळं. चाळीसपैकी सदतीस जणांनी बाजार सांगितला. मालक दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. वर्षाच्या शेवटी मी मोजलं. आदल्या वर्षीपेक्षा त्या वर्षी एकच स्लॅब कमी झाला होता, आणि टोळी न सांगता निघून गेल्याच्या नोंदी नऊवरून दोनवर आल्या होत्या. मालकांना आकडे दाखवले. ते म्हणाले, “बरं, चालू दे.” आजही चालू आहे. आता गाडीतून तयार काँक्रीट येतं, सळईचे फोटो फोनवर येतात, देवरावचे गुडघे गेले, तो साइटवर येत नाही. पण ज्या वारी ज्याचा बाजार, तो रकाना मी नव्या पोरांना रिकामा ठेवायला लावतो. ते विचारतात, काहून? मी सांगत बसत नाही. इथे सांगितलं.

पण तो बदल करायच्या आधी एक काम होतं. स्लॅबनंतरच्या रविवारी मी देवरावला मोटरसायकलवर मागे बसवून सुनीताच्या गावी गेलो. त्याला नको होतं. “तुमी कायले येता,” दोनदा म्हणाला. मी ती डायरी बरोबर घेतली होती. माफी मागायला जाताना डायरी कोण नेतं, असं बायको म्हणाली. मला दुसरं काही नेता आलं नसतं.

सुनीताच्या सासऱ्यानं अंगणात बाज टाकली, पाणी दिलं. सासू सुपात मूग निवडत होती, मान वर न करता म्हणाली, “तुमीच का थे तक्त्यावाले साहेब?”

मी हो म्हणालो.

सुनीता दारात उभी होती. विशी-बाविशीची, बापासारखीच उंच. बापाकडे तिनं पाहिलं नव्हतं. मी डायरी उघडली आणि तिला सांगितलं की तुझे बाबा बाजारात आले नाहीत ते त्यांच्या मनानं नाही. ते मागत होते, मी देत नव्हतो. तिन्ही कामं सुरू झाल्यापासूनच्या सतरा आठवड्यांत तेरा शुक्रवार मी त्यांना दुसऱ्या कामावर टाकलं. हे तेरा दिवस माझे आहेत.

“चवदा,” सुनीता म्हणाली.

मी पानं चाळली. “तेरा आहेत. मी दोनदा मोजले.”

“मतदान होतं त्या हप्त्यात बाजार गुरुवारी भरला होता. म्या गुरुवारी गेलती. बाबा नव्हते.”

मी तो आठवडा काढला. गुरुवार, देवराव, अकोला. शुक्रवार, देवराव, भातकुली. बाजार गुरुवारी गेला हे मला कळलं होतं, म्हणूनच मी त्याला शुक्रवारी तिकडे टाकलं होतं. मी शुक्रवार मोजले होते आणि तिनं बाजार. हेही मी तिला सांगितलं, कारण सांगायलाच गेलो होतो.

“लय हुशार हो बाप्पा तुमी,” सासू म्हणाली.

देवराव जमिनीकडे पाहत बसला होता. सुनीता पायरी उतरून अंगणात आली, बापापासून हातभर अंतरावर उभी राहिली.

“आता येसान का शुक्रवारी?”

“येतो ना.”

“मंग नवाच्या आत या. मंग गिऱ्हाईक येते, बोलाले फुरसत नसते.”

“आठले येतो.”

“आठले आमीच नसतो तिथं,” सासूनं सूप खाली ठेवलं. “साडेआठले या. अन् चहा पिऊन नका येऊ, मी थर्मास आनतो.”

साडेआठ ठरलं. मी खिशातून पेन काढलं आणि लिहून घेतलं.